अझुलाला सुट्टी जमत नाही

२०२४च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'ची नटनट्यांची आवृत्ती आणली आणि एक जुनं भांडण पुन्हा तापलं. भांडण अझुलाचं. अग्निराष्ट्राची चौदा वर्षांची राजकन्या, निळी आग फेकणारी, हसत हसत माणसं मोडणारी. २००५ ते २००८ या काळात आलेली मूळ अ‍ॅनिमेशन मालिका ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांच्या मनात तिची दहशत अजून आहे. नव्या आवृत्तीत ती बापाच्या एका शाबासकीसाठी झुरताना दिसली आणि प्रेक्षकांचे पुन्हा दोन तट पडले. एक तट म्हणतो, ती जन्मतःच दुष्ट, उगाच तिला हळवी करू नका. दुसरा म्हणतो, ती बापाची बळी, तिला दोष कसला देता? खरं तर दोघेही एकाच खटल्याचे वकील आहेत. दोषी की निर्दोष एवढंच त्यांना ठरवायचं आहे. निकाल लागला की फाइल बंद.

हा खटलाच मला मान्य नाही. अझुलाने जे केलं त्याची जबाबदारी तिची, आणि अझुला घडवली गेली हेही खरं. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. त्यांच्या पलीकडचा प्रश्न जास्त मोलाचा आहे: लढवय्या म्हणून वाढवताना मुलाकडून नेमकं काय काढून घेतलं जातं, आणि ते गेलंय हे कळतं कधी? माझं उत्तर असं की रणांगणावर ते कधीच कळत नाही. तिथे असं मूल उत्तमच वागतं, त्यासाठीच तर ते वाढवलेलं असतं. ते कळतं सुट्टीच्या दिवशी. आणि सगळ्यात मोठी किंमत मोजतं ते या शिक्षणात नापास झालेलं मूल नव्हे, पहिलं आलेलं.

मालिकेच्या तिसऱ्या पर्वात समुद्रकिनाऱ्याचा एक भाग आहे. अनेकांना तो भरताडाचा वाटतो. माझ्या मते अझुलाबद्दल इतकं नेमकं दुसऱ्या कुठल्याच भागात सांगितलेलं नाही. अग्निसम्राट ओझायला सल्लागारांशी खलबत करायचं असतं, म्हणून तो पोरांना एम्बर बेटावर धाडून देतो. सक्तीची सुट्टी. तिथे वाळूत चेंडूचा खेळ चालू असतो. अझुला समोरच्या मुलीकडे बघून ओळखते की धावताना तिचा डावा पाय किंचित अडखळतो, म्हणजे लहानपणची दुखापत असणार. मग त्या पायावर डाव रचला जातो. सामना जिंकल्यावर जाळ्याला आग लागलेली असते आणि अझुला हरलेल्यांना त्यांच्या कायमच्या अपमानाचं भाषण देत असते. संध्याकाळी एका मुलाच्या घरी पार्टी असते. मैत्रीण टाय लीने शिकवल्याप्रमाणे ती त्याच्या प्रत्येक वाक्यावर हसते, त्याचं चुंबन घेते, आणि लगेच हातात निळी आग घेऊन त्याला सांगते की आपण दोघं मिळून सगळ्या पृथ्वीवर राज्य करू. पोरगा पळ काढतो. आपल्याला हसू येतं, यायलाच हवं, प्रसंग तसाच लिहिलाय. पण नीट पाहा: ही मुलगी खेळू शकत नाही. तिला फक्त मोहिमा आखता येतात. तिच्याजवळ एकच भाषा आहे, आणि त्या भाषेत 'तू मला आवडतोस' असं म्हणायची सोयच नाही.

या निरीक्षणाचा मान अमेरिकी कार्टूनवाल्यांच्या फार आधी अ‍ॅरिस्टॉटलला द्यायला हवा. स्पार्टात मुलगा सात वर्षांचा झाला की घर सुटायचं आणि छावणी सुरू व्हायची. उपाशी ठेवणं, चोरी करायला लावणं आणि पकडला गेला की फोडून काढणं, हा अभ्यासक्रम. त्यातून निघालेलं पायदळ ग्रीसमध्ये अजिंक्य मानलं जायचं. इ.स.पू. ३७१मध्ये ल्यूक्ट्राला थीब्जने ते मोडलं आणि स्पार्टा पुन्हा उभं राहिलं नाही. काही दशकांनी 'राज्यशास्त्र' लिहिताना अ‍ॅरिस्टॉटलने जे निदान केलं ते अजून ताजं आहे: लढत होते तोवर हे लोक टिकले, सत्ता हाती आली तेव्हा बुडाले, कारण मोकळा वेळ कसा जगायचा हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शांततेच्या काळात अशी माणसं लोखंडासारखी आपली धार गमावतात, असं तो लिहितो. आणि यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. त्याने दोष शिपायांना दिला नाही, कायदा करणाऱ्याला दिला.

आता अझुलाचा शेवट आठवा. तिच्या काकाने, सेनापती आयरोने, ज्या बा सिंग से नगरीला सहाशे दिवस वेढा घालून हात टेकले, ती नगरी तिने सैन्याशिवाय, आतून, कारस्थान करून घेतली. तिथेच तिने खुद्द अवताराला, म्हणजे चारही तत्त्वं वश करू शकणाऱ्या आंगला, वीज मारून पाडलं. तिला कोणत्याही लढाईत कुणी मोडलं नाही. ती मोडली राज्याभिषेकाच्या दिवशी. चेरीत बी राहिली म्हणून दासीला हद्दपार, मग दाई ली हे गुप्त पोलीस हद्दपार, मग लहानपणापासूनच्या दोन म्हाताऱ्या शिक्षिकांतली एक हद्दपार. स्वतःचे केस स्वतःच कापलेले. आरशात निघून गेलेली आई दिसते, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणते, आणि अझुला आरसा फोडते. सगळं मिळाल्याच्या दिवशी हे घडतं. याला 'वेड लागलं' म्हणून सोडून देणं म्हणजे स्पार्टाचा नाश ल्यूक्ट्राच्या एका दुपारी झाला म्हणण्यासारखं आहे.

पहिल्या तटाचा सगळ्यात दमदार मुद्दा असा: तिचा मोठा भाऊ झुको त्याच घरात वाढला, त्याच बापाने त्याचा अर्धा चेहरा जाळला, तरी तो सुधारला. मग परिस्थितीला दोष कसा देता? मुद्दा हलका नाही. त्याच्या जोडीला पुरावेही आहेत. लहानपणीची अझुला काकाने पाठवलेली बाहुली जाळते. भावाचा चेहरा जळत असताना अकरा वर्षांची ही मुलगी प्रेक्षकांत उभी राहून हसते. खुद्द आयरो, मालिकेतला सगळ्यात क्षमाशील माणूस, झुकोला सांगतो की ही वेडी आहे आणि हिला पाडलंच पाहिजे. आई अर्सासुद्धा एकदा म्हणून जाते की या पोरीचं बिनसलंय तरी काय. घरात चांगली माणसं नव्हतीच असं म्हणता येत नाही.

हे सगळं मान्य. पण दोघांना मिळालेलं शिक्षण एकच होतं का? झुकोला आगीच्या कवायती जमत नव्हत्या. तेराव्या वर्षी त्याला घराबाहेर काढलं, आणि पुढची वर्षं तो काकाच्या चहात आणि बोलण्यात वाढला. त्याला त्या शाळेने नापास केलं आणि तेच त्याचं नशीब ठरलं. बाहेर पडल्यामुळे त्याला भुकेली गावं दिसली, चुलीपुढे बसलेली साधी माणसं दिसली, हरूनही सकाळ होते हे कळलं. अझुलाला हे कधीच कळलं नाही, कारण ती कधी हरलीच नाही. दुसऱ्या पर्वात ती प्रथम सरावताना दिसते तेव्हा वीज काढण्याची तिची हालचाल जवळजवळ निर्दोष असते. शिक्षिका म्हणतात, एकच केस जागचा हलला. तिला तेवढंही चालत नाही. याला जन्मजात दुष्टपणा म्हणायचं? बापाने आजोबांसमोर तिला नमुन्यासारखं उभं करून करामती करून दाखवायला लावलेलं असतं. भाऊ त्याच दरबारात धडपडतो आणि सगळ्यांच्या नजरा कशा बदलतात हे ती बघते. मग भावाचा चेहरा जळतो तेव्हा ती हसते. ते हसू तिचंच, मी ते कुणाच्या पदरात टाकत नाही. पण त्या दिवशी त्या घरातल्या मुलीला काय कळलं असेल? की इथे चुकणाऱ्याला जाळतात. पुढे तीन वर्षांनी, आग फेकणाऱ्यांचं बळ वाढवणाऱ्या धूमकेतूच्या दिवशी बाप तिला मोहिमेवर न्यायला नकार देतो, स्वतःसाठी नवं मोठं पद निर्माण करतो आणि तिच्या हाती उरलेलं जुनं पद ठेवतो, तेव्हा ती ओरडते की मला झुकोसारखं वागवू नका. म्हणजे झुकोसारखं होणं म्हणजे काय, हे ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. तिची सगळी परिपूर्णता त्या भीतीवर उभी होती.

हे एका मालिकेपुरतं नाही. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये ही गोष्ट आणखी निष्ठुरपणे सांगितली गेली आहे. १९९५-९६च्या 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'मधल्या शिंजीला तीस वर्षं 'रडका' म्हणून हिणवलं जातं. त्याची बाजू घेणारेही आता पुष्कळ आहेत, म्हणून तो विषय सोडतो. मला त्याच्या शेजारची आसुका जास्त बोलकी वाटते. तीही चौदाची, अजस्र लढाऊ यंत्राची वैमानिक होण्यासाठीच वाढलेली, सगळ्यांत तरबेज. आईच्या मृत्यूनंतर रडायचं नाही असं ठरवलेली. यंत्राशी तिचा मेळ बसेना तेव्हा तिच्याकडे दुसरं काहीच उरत नाही, आणि ती एका पडक्या घरातल्या बाथटबमध्ये शून्यात बघत पडलेली सापडते. रडका शिंजी कुरकुरत का होईना, तगून राहतो. 'अटॅक ऑन टायटन'मधला रायनर तर अक्षरशः 'योद्धा' या पदासाठी निवडलेला मुलगा आहे. मार्ले देश एल्डियन लोकांना दंडावर पट्टी बांधून कोंडवाड्यात ठेवतो आणि त्यांच्यातल्या लहान मुलांना सांगतो की तुम्ही योद्धे व्हा, तुमच्या घरच्यांना मानाचं नागरिकत्व देऊ. बदल्यात मुलाला टायटनची, म्हणजे राक्षसी रूप घेण्याची, शक्ती मिळते आणि त्यापुढे फक्त तेरा वर्षांचं आयुष्य. रायनर शत्रूच्या बेटावरची मोहीम करून घरी येतो. जेवणाच्या टेबलावर नातेवाइकांना 'बेटावरच्या सैतानां'च्या गोष्टी सांगायला लागतो आणि सांगता सांगता त्याच्या बोलण्यात त्या माणसांबद्दलची माया उतरते; लहान मामेबहीण गोंधळून बघत राहते. पुढे हाच माणूस एकटा बसून बंदुकीची नळी तोंडात धरतो. तो युद्धातून वाचला होता. घरी जेवायला बसणं त्याला झेपलं नाही.

(इथे कुणाला कोटा किंवा लातूरचे क्लासेस आठवतील. आठवू देत, पण ती तुलना मी करणार नाही. प्रवेशपरीक्षेचा ताण भयंकर असतो, तरी त्यात दुसऱ्याचा जीव घ्यायला शिकवत नाहीत. सगळ्याच दुःखांना एका मापाने मोजलं की कुठलंच नीट दिसत नाही.)

जीव घेण्यावरूनच सगळ्यात गंभीर आक्षेप येतो. अझुलाच्या बालपणाबद्दल इतकं बोलायचं, मग तिने ज्यांना जाळलं त्यांचं काय? आंगची सोबतीण कटारा, तिची आई अग्निराष्ट्राच्या सैनिकाने मारली. कटाराही चौदाचीच आहे, तिनेही बालपण गमावलं, आणि ती कुणाला छळत नाही. मारणाऱ्याची कहाणी नेहमीच जास्त रंगतदार असते आणि मेलेला गप्प असतो. हा आक्षेप घेणाऱ्यांशी माझा वाद नाही, त्यांच्या निष्कर्षाशी आहे. ते म्हणतात, म्हणून अझुलाच्या वेदनेबद्दल बोलूच नये. पण हा पेच खऱ्या न्यायालयात सुटलेला आहे. युगांडातल्या डॉमिनिक ऑन्ग्वेनला 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर संघटनेने शाळेच्या वाटेवरून पळवून नेलं तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. तिथेच वाढून तो सेनानायक झाला आणि ज्या अत्याचारांतून तो गेला तेच त्याने इतरांवर केले. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये त्याला ६१ आरोपांत दोषी ठरवलं. बालपण हा बचाव म्हणून त्याला लाभला नाही. पण मे महिन्यात शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी तेच बालपण विचारात घेतलं आणि जन्मठेपेऐवजी २५ वर्षांची कैद दिली. दोष आणि दुःख एकाच निकालपत्रात मावलं. तिथे ज्यांची घरं जळाली ती माणसं खरी होती. तरी न्यायाधीशांना जे जमलं ते आपल्याला एका काल्पनिक राजकन्येबाबत का जमू नये?

दुसरा आक्षेप गरजेचा. शत्रू दारात असेल तर मुलांना लढायला शिकवायचं नाही तर काय? आंगचं उदाहरण दिलं जातं. अवताराला तो अवतार असल्याचं सोळाव्या वर्षी सांगायची रीत; युद्धाची चाहूल लागली म्हणून भिक्षूंनी आंगला बाराव्या वर्षीच सांगितलं. लगेच सवंगड्यांनी त्याला खेळातून काढलं, कारण अवतार ज्या बाजूला तीच जिंकणार. ग्यात्सो गुरुजी त्याच्याशी पट मांडून खेळत, तर वडीलधाऱ्यांनी दोघांची ताटातूट ठरवली. पोर पळून गेलं, शंभर वर्षं बर्फात राहिलं, आणि इकडे त्याचे सगळे लोक मारले गेले. म्हणजे 'चांगल्या' बाजूनेही पहिला हात घातला तो मुलाच्या खेळण्यालाच, हे मालिकेने लपवलेलं नाही. 'ड्रॅगन बॉल झी' कार्टून नेटवर्कवर पाहिलेल्यांना गोहान आठवेल. सेल या महाशत्रूशी लढायला गोकू आपल्या पोराला पुढे करतो. त्याची ताकद गोकूने बरोबर ओळखलेली असते, चुकतं ते वेगळंच. ते त्याला सांगतो पिकोलो, पूर्वीचा वैरी: गोहानला लढाई आवडत नाही, आणि आत्ता तो एवढाच विचार करत असेल की बाबा मला वाचवायला का येत नाहीत.

गरज खरी असू शकते, हे मी मान्य करतो. प्रश्न गरजेनंतरचा आहे. १८६८च्या यादवी युद्धात जपानच्या आयझू संस्थानाने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची तुकडी उतरवली, ब्याक्कोताई. लहानपणापासून त्यांना एक वाक्य पाठ: जे करू नये ते करू नये. इमोरी टेकडीवरून त्यांच्यातल्या वीस जणांना धूर दिसला, किल्ला पडला असं वाटून त्यांनी स्वतःवर शस्त्र चालवलं. एकोणीस मेले. किल्ला पडला नव्हता. वाचलेला इनुमा सादाकिची पुढे तारखात्यात नोकरी करून १९३१पर्यंत जगला. त्या टेकडीवर आज स्मारकं आहेत, आणि त्यांत १९२८मध्ये मुसोलिनीच्या इटलीने भेट दिलेला एक रोमन स्तंभ आहे. मेलेल्या पोरांवर फॅसिस्टांचं इतकं प्रेम का असावं? कारण मेलेलं पोर हिशेब मागत नाही.

याच्यासमोर द्रोणपर्व ठेवून पाहा. चक्रव्यूहात शिरता येतं पण बाहेर येता येत नाही, हे अभिमन्यूने आधी सांगितलेलं असतं, आणि तरी युधिष्ठिर त्याला पुढे करतो, गरज होतीच. पण पोर गेल्यावर युधिष्ठिर वीरगतीचे पोवाडे गात नाही. तो म्हणतो की ज्याला जेवणात, वाहनांत, शय्येवर, दागिन्यांत पुढे करायचं, त्या बाळाला आम्ही युद्धात पुढे केलं. दोष तो आपल्या माथी घेतो. आपल्याकडे अभिमन्यूच्या शौर्याची उजळणी शाळेपासून भाषणांपर्यंत चालते आणि हा विलाप गाळला जातो, याचं मला नवल वाटत नाही, चीड येते.

राहिला शेवटचा आक्षेप: कार्टून आहे, मुलांना मुलंच नायक लागतात, इतकं काय मनावर घ्यायचं? बरोबर आहे. 'अवतार'च्या पहिल्याच भागात कटाराचा भाऊ सोक्का गावातल्या शेंबड्या पोरांना युद्धाची शिकवणी देतो आणि मधेच एकाला लघवीला जायचं असतं. त्या दृश्यावर कुणी बालहक्कांचं व्याख्यान देऊ लागला तर मीच उठून जाईन. पण जी कलाकृती स्वतःहून ही किंमत मोजायला बसते, तिचा हिशेब तपासायचा हक्क प्रेक्षकाला आहे.

आणि तपासला तर 'अवतार'चाही हिशेब एका ठिकाणी अपुरा आहे. ओझायला मारावं की नाही, यासाठी आंग अस्वस्थ होतो, बेटावर हरवतो, पूर्वीच्या अवतारांना विचारतो, सिंहकासवाला भेटतो. लाखोंचा मारेकरी जिवंत ठेवण्यासाठी एवढा खल. शेवटी झुको तुरुंगात जाऊन बापाला विचारतो की माझी आई कुठे आहे. पण साखळ्यांत बांधलेली, आग ओकत हुंदके देणारी चौदा वर्षांची मुलगी त्यानंतर मालिकेत दिसत नाही, तिचं नावही कुणी काढत नाही. ती मनोरुग्णालयात असल्याचं पुढच्या कॉमिक्समधून कळतं. मला तिचं हृदयपरिवर्तन नको होतं, क्षमायाचनाही नको होती. युद्ध संपलं, आता हिने काय करायचं, एवढं एखाद्या पात्राने विचारायला हवं होतं. शेवटच्या चार भागांच्या आधी एक अख्खा भाग स्वतःचीच थट्टा करणाऱ्या नाटकावर खर्च करणाऱ्या मालिकेला तेवढी जागा नव्हती, असं म्हणता येत नाही.